एटीव्हीचं अलाइनमेंट पंधरा दिवसांत पुन्हा बिघडतं? टायरॉडला पाना लावण्याआधी गाडी किती बसते ते मोजा

एटीव्ही (वाळू-खडीत चालणारी, हँडलची चारचाकी) डावीकडे ओढते म्हणून टायरॉड (हँडलची हालचाल चाकापर्यंत नेणारा दांडा) फिरवून पुढची चाकं सरळ केली, आठवडाभर बरी चालली, आणि पंधरवड्यात पुन्हा तेच. हँडल सरळ धरलं की गाडी डावीकडे जाते. गाडी सरळ न्यायची तर हँडल उजवीकडे दाबून धरावं लागतं. पुढच्या टायरांची आतली कड झिजून सपाट झालेली, बाहेरच्या कडेचे रबराचे ठोकळे मात्र अजून नव्यासारखे. तुमची तक्रार अशी असेल, तर दोष बहुधा टायरॉडच्या लांबीत नाही. माझ्याकडे तो नव्हता, आणि हे कळेपर्यंत एक अख्खा हंगाम आणि पुढच्या टायरांची जोडी गेली.

माझ्या दोन गाड्या आहेत, अलिबाग तालुक्यात नागावच्या किनाऱ्याजवळ. दोन्ही एकाच मॉडेलच्या, पुढे दोन्ही बाजूंना वर-खाली दोन ए-आर्मचं (चाकाला चासीशी जोडणाऱ्या ए आकाराच्या हातांचं) स्वतंत्र सस्पेन्शन, २५ इंची टायर. ऑक्टोबर ते मे त्या वाळूत चालतात. घरापासून किनाऱ्यापर्यंतचा रस्ता मात्र खडीचा आणि शेवटचा तुकडा काँक्रीटचा. एका गाडीच्या टायरॉडला चार वर्षांत हात लावावा लागला नाही. दुसरीचा टो (पुढच्या दोन चाकांमधल्या समोरच्या आणि मागच्या अंतरातला फरक) मी एका हंगामात सहा वेळा लावला. मधे एकदा ती टेम्पोत चढवून मोटारींचं अलाइनमेंट करणाऱ्या एका दुकानातही नेली. त्यांनी आपल्या परीने काम चोख केलं, पण गाडी रिकामी उभी करून केलं. घरी आणून मी तीवर बसलो, आणि काँक्रीटवर ती पुन्हा डावीकडे.

सातव्या वेळी मी एक गोष्ट वेगळी केली. चेकनट (टायरॉड जागी घट्ट धरणारा नट) आवळल्यावर चेकनट आणि टायरॉड या दोघांवरून मिळून पांढऱ्या ऑइलपेंटची एक बारीक रेघ ओढली. टायरॉड केसभर जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसणार. बाराव्या दिवशी गाडी ओढायला लागली. पुतण्या खाली सरपटत गेला, बॅटरी मारून दोन्ही बाजू बघितल्या आणि म्हणाला, "काका, रेघ जशीच्या तशी आहे." मीही बघितलं. रेघ अखंड होती. टायरॉडची लांबी तीच, टायरॉडचे एंडही तीन महिन्यांपूर्वीच बदललेले, आणि तरी टो १० मिमीने सरकलेला.

ही रेघ तुम्हीही ओढा, आजच ओढा. पुढच्या वेळी गाडी ओढायला लागली की पहिली पाच मिनिटं तिच्याकडे बघण्यात घालवा. रेघ तुटली असेल तर चेकनट सैल राहतोय किंवा आटे गेलेत, काम तिथेच संपलं. रेघ शाबूत असेल तर टायरॉड फिरवणं थांबवा, कारण दुसरं काहीतरी हललेलं आहे आणि तुम्ही त्याची भरपाई टायरॉडने करताय.

उंची बदलली की टो का बदलतो

पुढच्या चाकाला तीन हात धरून ठेवतात असं समजा. वरचा ए-आर्म, खालचा ए-आर्म आणि टायरॉड. काही गाड्यांत वरच्या ए-आर्मच्या जागी उभा स्ट्रट असतो, तरी हिशेब तोच. प्रत्येक हाताची लांबी वेगळी आणि चासीवरची खुंटी वेगळ्या जागी. चाक वर-खाली होतं तेव्हा प्रत्येक हाताचं टोक आपापल्या कमानीत फिरतं. जिथे टायरॉडची कमान ए-आर्मच्या कमानीशी जुळत नाही, तिथे टायरॉड चाकाला आत खेचतो किंवा बाहेर ढकलतो; हँडल न हलवता चाक वळतं. याला बंप स्टिअर म्हणतात. बाहाच्या स्पर्धेसाठी (विद्यार्थ्यांनी स्वतः बनवलेल्या, खडबडीत वाटेवरच्या गाड्यांची स्पर्धा) पिथमपूरला गाडी घेऊन जाणारी इंजिनिअरिंगची मुलं याच दोन कमानी जुळवत रात्री जागवतात. एका ठरावीक उंचीच्या थोडं वर आणि थोडं खाली कमानी जुळलेल्या राहतात. गाडी त्याच्याही खाली बसून चालू लागली की टो आपला राहत नाही.

बसलेल्या गाडीत आणखी दोन गोष्टी घडतात. चाकाचा वरचा भाग आत झुकतो, म्हणजे कॅम्बर निगेटिव्ह होतो, आणि आतली कड जास्त घासते. शिवाय पुढचा भाग मागच्यापेक्षा खाली गेला की कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा मागे असलेला झुकाव, कमी होतो. कॅस्टरमुळेच हँडल आपोआप मध्यावर येतं; तो कमी झाला की हँडल हलकं, चंचल लागतं आणि सरळ वाटेवरही सारखं सावरावं लागतं. लोक याला "स्टिअरिंग ढिलं झालंय" म्हणतात आणि स्टिअरिंगचे बुश (सांध्यातल्या झिजणाऱ्या बाह्या) बदलतात. स्टिअरिंग ठीक असतं, गाडीचं नाक खाली गेलेलं असतं.

वाळूत हे सगळं खपून जातं, कारण वाळू सरकते. काँक्रीटवर आणि डांबरावर खपत नाही. २५ इंची टायरचा व्यास सुमारे ६३५ मिमी. टो एकूण १० मिमीने चुकलेला असेल तर प्रत्येक चाकाच्या वाट्याला ५ मिमी येतात. हिशेब करा: दर किलोमीटरला प्रत्येक पुढचं चाक जवळजवळ ८ मीटर आडवं घासलं जातं. आतली कड एका हंगामात का गेली ते मला हा आकडा कागदावर मांडल्यावर समजलं.

टायर बघूनही बरंच कळतं. तळवा टायरवरून आडवा फिरवा, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. एका दिशेने मऊ आणि दुसऱ्या दिशेने ठोकळ्यांच्या कडा हाताला बोचत असतील तर टो चुकलेला आहे. आतली कड झिजली आहे पण दोन्ही दिशांनी गुळगुळीत लागते, तर कॅम्बरकडे बघा. माझ्या टायरांवर दोन्ही खुणा होत्या: झीज आतल्या कडेला, आणि बोचणंही तिथेच.

टो सगळ्यात शेवटी

क्रम असा ठेवा: हवा, मग प्ले (सांध्यांतला ढिलेपणा), मग सॅग (वजनाखाली गाडी किती बसते), मग कॅम्बर, आणि अगदी शेवटी टो. आधीची पायरी पक्की झाल्याशिवाय पुढच्या पायरीचं माप खोटं येतं. मी सहा वेळा शेवटच्या पायरीपासून सुरुवात केली होती.

हवेचं काम किरकोळ वाटतं, पण एटीव्हीत टायर ही पहिली स्प्रिंग आहे. होंडाने १९७० मध्ये अमेरिकेत आणलेल्या तीनचाकी यूएस ९० ला वेगळं सस्पेन्शनच नव्हतं. फुगीर, कमी हवेचे टायर धक्के सोसायचे. आजही बहुतेक एटीव्हींच्या टायरांत एक आकडी पीएसआयच हवा असते. नेमका आकडा गाडीवरच्या स्टिकरवर असतो, तोच धरा. पंक्चरवाल्याच्या नेहमीच्या गेजवर ४ आणि ६ पीएसआयमधला फरक धड वाचता येत नाही, म्हणून ० ते १५ पीएसआयचं कमी दाबाचं गेज स्वतःजवळ ठेवा. टायर थंड असताना दोन्ही पुढच्या टायरांत समान हवा भरा आणि मग टेपने दोघांचा घेर मोजा. एक टायर जुना, एक नवा असं असेल तर घेरातच फरक निघतो आणि गाडी लहान घेराच्या बाजूला ओढते. तो दोष कुठल्याही टायरॉडने जाणार नाही.

प्ले बघायला पुढचा भाग जॅकवर उचला आणि चासीखाली घोडी लावा. नुसत्या जॅकवर टेकलेल्या गाडीखाली हात घालू नका. चाक घड्याळातल्या ९ आणि ३ वर धरून हलवा. खटखट आली तर टायरॉड एंड किंवा स्टिअरिंगच्या दांड्याचे बुश. १२ आणि ६ वर धरून हलवा. इथे खटखट आली तर बॉल जॉइंट, ए-आर्मचे बुश किंवा चाकाचं बेअरिंग, तिघांपैकी कोणीही. आता दुसऱ्याला पुढचा ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर प्ले नाहीसा झाला तर बेअरिंग गेलंय. तसाच राहिला तर बॉल जॉइंट किंवा बुश. मग पहारीचं टोक ए-आर्म आणि चासीच्या मधे घालून हळूच दाबा, बुश गेला असेल तर ए-आर्म बोल्टवर सरकताना डोळ्यांनी दिसतो.

माझ्या गाडीच्या डाव्या खालच्या ए-आर्मचा मागचा बुश गेलेला होता. पहारीने तो जेमतेम २ मिमी हलत होता, म्हणून आधीच्या सहाही वेळी माझ्या हाताला लागला नव्हता. बोल्ट बाहेर काढायला अर्धा तास लागला. खाऱ्या हवेने तो नळीतच धरला होता. निघाला तेव्हा भोकातून चहाच्या चुऱ्यासारखी तांबूस-काळी भुकटी पडली. बुशचं भोक गोल राहिलं नव्हतं, एका बाजूने ओढल्यासारखं लांबट झालं होतं, आणि बोल्टवर नखाने जाणवेल अशी पायरी पडली होती. असा बोल्ट परत वापरू नका. नवा बुश त्या पायरीवर महिनाभरही टिकत नाही. बुश, आतली नळी आणि बोल्ट तिन्ही एकदम बदला, आणि बोल्टला सगळीकडून ग्रीस लावून बसवा.

बुश बदलला, पण गाडी अजून थोडी डावीकडे झुकलेली वाटत होती. तिथून खरी मोजमापं सुरू झाली.

सॅग कसा मोजायचा

सॅग म्हणजे सस्पेन्शन पूर्ण लोंबकळत असताना जिथे असतं, तिथपासून वजनाखाली ते किती खाली बसतं तो फरक. बरेच जण जमिनीपासून बंपरपर्यंतची उंची मोजतात. एटीव्हीत ते फसवं आहे, कारण मऊ टायरही दबतो आणि त्याचं दबणं मापात मिसळतं. चाकाच्या हबच्या मध्यापासून सरळ वर चासीवरच्या एखाद्या न हलणाऱ्या बोल्टपर्यंत मोजा. प्लास्टिकचं मडगार्ड धरू नका, ते हलतं. दोन्ही बाजूंना तोच बोल्ट धरा आणि त्यावर मार्करने ठिपका काढून ठेवा.

पहिलं माप पुढची चाकं हवेत असताना. दुसरं रिकामी गाडी सपाट जमिनीवर असताना. तिसरं नेहमीच्या वजनाचा माणूस नेहमीच्या पद्धतीने बसलेला असताना, आणि तुम्ही पुढच्या कॅरिअरवर टाकी किंवा सामान बांधून चालवत असाल तर तेही बांधून. जॅकवरून उतरवल्याबरोबर मोजू नका. चाकं हवेत असताना आत ओढलेली असतात आणि काँक्रीटवर टेकली की तिथेच रुतून राहतात. गाडी खोटी उंच दिसते. तीन-चार मीटर पुढे ढकला, मग पुढचा भाग दोन-तीन वेळा दाबून सोडा.

आणखी एक काळजी. पुढचा भाग खाली दाबून सावकाश सोडा आणि मोजा. मग वर उचलून सावकाश सोडा आणि पुन्हा मोजा. दोन आकडे वेगळे येतील, बुश आणि सील यांच्या घर्षणामुळे. दोघांची सरासरी धरा. फरक दीड-दोन सेंटिमीटरच्या वर गेला तर बुश सुकलेत किंवा शॉकअपचा दांडा वाकलाय, आधी ते बघा.

माझ्या गाडीची मापं अशी आली. पुढच्या सस्पेन्शनची एकूण चाल २० सेंमी. चाकं हवेत असताना दोन्ही बाजू ५२ सेंमी. रिकामी गाडी जमिनीवर: उजवी ४८, डावी ४६. मी बसल्यावर, माझं वजन ७५ किलो: उजवी ४५.५, डावी ४३.५. म्हणजे माणसासकट उजवा सॅग ६.५ सेंमी आणि डावा ८.५. चालीच्या साधारण पाव ते एक तृतीयांश भागाएवढा सॅग माणसासकट असावा, हा रोजच्या वापराला पुरणारा अंदाज आहे. उजवी बाजू त्यात बसत होती. डावी ४२ टक्क्यांच्या वर गेली होती. शेजारच्या निर्दोष गाडीची मापं घेतली, तिच्या दोन्ही बाजू ६ ते ६.५ सेंमीत.

मग टो मोजला, आधी रिकामा आणि नंतर पुतण्याला वर बसवून. रिकामा ४ मिमी टो-आउट, म्हणजे चाकं पुढून तेवढी फाकलेली. माणूस बसल्यावर १४ मिमी टो-आउट. तेवढाच फरक, १० मिमी, पण पंधरा दिवसांत नाही तर दहा सेकंदांत, माझ्या डोळ्यांसमोर. निर्दोष गाडीत तोच फरक २ मिमी निघाला. अलाइनमेंट पंधरा दिवसांत बिघडत नव्हतं, माणूस बसला की त्या क्षणीच बिघडत होतं. मी दर वेळी रिकाम्या गाडीवर लावत होतो. सुरुवातीचे दिवस वाळू ओली आणि घट्ट असायची की मीच मनाने बरं मानायचो, हे आता सांगता येणार नाही, पण रिकाम्या गाडीवरचं माप निरुपयोगी होतं हे नक्की.

स्प्रिंग की शॉकअप?

गाडी बसली की लोक शॉकअप बदलतात. गाडीची उंची स्प्रिंग धरते, शॉकअपमधलं तेल धरत नाही. तेल गळालं तर गाडी खड्ड्यानंतर दोन-तीनदा डुलते, पण उभी असताना उंची जवळपास तीच राहते. पुढचा भाग दाबून सोडा: एकदा वर येऊन थांबला तर तेल ठीक, डुलत राहिला तर शॉकअप. माझी गाडी डुलत नव्हती.

खात्रीसाठी डावी-उजवी स्प्रिंग अदलाबदल करून मोजा. दोष स्प्रिंगबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर स्प्रिंग बसलीय. दोष त्याच बाजूला राहिला तर ए-आर्म वाकलाय किंवा चासीवरची खुंटी सरकलीय. माझा दोष उजवीकडे गेला. दोन्ही स्प्रिंगा उतरवून फरशीवर शेजारी-शेजारी उभ्या केल्या, तर एक दुसरीपेक्षा १३ मिमी बुटकी होती. चाकापाशी २ सेंमी दिसत होते आणि स्प्रिंगमध्ये १३ मिमीच, कारण शॉकअप ए-आर्मच्या टोकाला नसून मधे कुठेतरी बसतो. चाक जितकं हलतं त्याहून स्प्रिंग कमी दबते. बुटक्या स्प्रिंगच्या खालच्या दोन वेढ्यांवरचा रंग उडून तार खड्ड्याखड्ड्यांची झाली होती. तिथे ओली वाळू साचून राहायची. गंजून बारीक झालेल्या तारेवर ताण वाढतो, आणि वरून गाडी एकाच माणसासाठी बनलेली असताना दोघं बसत असतील तर ती बसायला वेळ लागत नाही. एका सीटच्या गाडीवर दुसरा माणूस बसवूच नका. स्प्रिंगसाठी तर नकोच, उलटण्याच्या धोक्यासाठी त्याहून नको.

स्प्रिंग बदलण्याआधी मी तोच प्रयत्न केला जो सगळे करतात: शॉकअपच्या खालची पायऱ्यांची कडी हुक पान्याने शेवटच्या पायरीवर नेली. उंची आली. पण प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला दाब) वाढवला की स्प्रिंग कडक होत नाही, फक्त ती वरून सुरू होते. रिकामी गाडी लाकडासारखी टणक लागायला लागली, आणि खड्ड्यातून चाक खाली जायला जागा न उरल्याने उतारावर पुढचं चाक जमीन सोडायला लागलं. रिकाम्या गाडीलाही थोडा सॅग हवा, नाहीतर चाक खड्ड्याचा तळ गाठणार कसं? कडी जास्तीत जास्त फिरवूनही माणसासकटचा सॅग जमत नसेल, किंवा तो जमवताना रिकाम्या गाडीचा सॅग शून्य होत असेल, तर स्प्रिंग बदलायचीच आहे. आणि बदलायची तर जोडीने. एक जुनी, एक नवी ठेवली तर पुढच्या हंगामात हेच पुन्हा मोजत बसाल.

गाडी उंच करायच्या नादात उलट टोकालाही जाऊ नका. पुढचा भाग गरजेपेक्षा उंच राहिला की पुढच्या ॲक्सलचे सांधे तिरप्या कोनात फिरतात, त्यांची रबरी बुटं फाटतात आणि आत वाळू गेली की ॲक्सल काही दिवसांचाच सोबती.

कॅम्बरला बहुतेक कामाच्या एटीव्हींत फिरवायची सोयच नसते, म्हणून तो दुरुस्त करायला नाही, साक्षीला मोजा. सॅग नीट झाल्यावर, माणूस बसवून, मडगार्डवरून गवंड्याचा ओळंबा चाकासमोर सोडा आणि रिमच्या वरच्या व खालच्या कडेपासून दोरीचं अंतर मोजा. १२ इंची रिमवर दोन्हींत ५-६ मिमी फरक म्हणजे साधारण १ अंश. दोन्ही चाकांचा कॅम्बर एकमेकांशी जुळला पाहिजे. सॅग समान असूनही कॅम्बर वेगळा येत असेल तर काहीतरी वाकलंय.

आता टो

हँडल सरळ करा आणि दोन दोऱ्यांनी कॅरिअरला बांधून टाका. चाक हवेत असताना फिरवत टायरच्या मध्यावर खडू टेकवून पूर्ण गोल रेघ काढा, दोन्ही चाकांवर. गाडी खाली घ्या, पुढे ढकला, माणूस बसवा. हबच्या उंचीवर रेघेवर एक खूण करा आणि दोन्ही चाकांच्या खुणांमधलं अंतर समोरून मोजा. मग गाडी चाकाच्या अर्ध्या फेरीएवढी पुढे ढकला म्हणजे त्याच खुणा हबच्या उंचीवर मागे येतील, आणि पुन्हा मोजा. त्याच खुणा वापरल्या की रिम थोडा वाकडा असला तरी चूक मापात शिरत नाही. गाडी पुढेच ढकला, मागे घेतली तर सांध्यांतला प्ले उलट्या बाजूला जातो.

समोरचं अंतर जास्त तर टो-आउट, मागचं जास्त तर टो-इन. किती हवं ते गाडीच्या पुस्तकातच बघा, दुसऱ्याच्या गाडीचा आकडा घेऊ नका. पोलारिसच्या स्पोर्ट्समन मालिकेतल्या अनेक मॉडेलांना १/८ ते १/४ इंच, म्हणजे ३ ते ६ मिमी टो-आउट सांगितलेला आहे. इतर कंपन्यांच्या कित्येक गाड्यांना थोडा टो-इन लागतो. माप रिकाम्या गाडीवर घ्यायचं की माणूस बसवून, हेही पुस्तकात असेल तर तसंच घ्या. मग दुसऱ्या स्थितीतही मोजून फरक लिहून ठेवा. तो फरकच पुढे उपयोगी पडतो.

कोणतं चाक चुकलंय हे नुसत्या टोवरून कळत नाही. त्यासाठी मागच्या चाकांना बाहेरून समांतर अशी एकेक दोरी दोन्ही बाजूंनी पुढपर्यंत ताणा आणि प्रत्येक पुढच्या चाकाच्या रिमच्या पुढच्या व मागच्या कडेपासून दोरीचं अंतर घ्या. मागची आणि पुढची चाकं सारख्या रुंदीवर असतातच असं नाही, म्हणून दोरी मागच्या टायरला टेकवूनच पुढे न्यायचा हट्ट नको. समांतर असली की झालं. फिरवताना दोन्ही टायरॉड सारखेच फिरवा, नाहीतर टो बरोबर येईल आणि हँडल वाकडं राहील. एका टोकाला बहुधा उलटे आटे असतात, ते ओळखून मगच चेकनट सोडा. आवळताना एंडचा बॉल आपल्या चालीच्या मध्यावर राहील असं धरा, एका बाजूला टेकलेला एंड वळणावर अडकतो. कॅसल नटची स्प्लिट पिन काढली की नवीच घाला. मग पांढरी रेघ.

स्प्रिंगांची नवी जोडी, डावा बुश आणि बोल्ट, इतकं झाल्यावर माझ्या गाडीचा सॅग माणसासकट दोन्ही बाजूंना ६.३ सेंमी आला. रिकामा आणि माणसासकट टोमधला फरक ३ मिमीवर उतरला. काँक्रीटवर सावकाश वेगात हँडलवरचा हात ढिला केला तर गाडी सरळ गेली. पुतण्याने दोनदा नेऊन बघितली.

समुद्राकाठी गाडी वापरणाऱ्यांसाठी एवढं जास्तीचं. रोज संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवा, पण जोराच्या धारेने बेअरिंग आणि रबरी बुटांवर मारू नका, खारं पाणी आत ढकललं जातं. स्प्रिंगच्या खालच्या वेढ्यांत बोट घालून वाळू काढा. ए-आर्मला ग्रीस निपल असेल तर जुनं, काळं ग्रीस बाहेर पडेपर्यंत भरा. प्रीलोडची कडी महिन्यातून एकदा एक पायरी पुढे-मागे करून ठेवा, नाहीतर ती कायमची धरते. आणि पावसाळ्यात गाडी चार महिने उभी ठेवायची असेल तर चासीखाली घोडी लावून पुढची चाकं हलकी करून ठेवा.

नव्या स्प्रिंगा सुरुवातीला थोड्या बसतात, म्हणून महिन्याभराने मी पुन्हा तिन्ही मापं घेतली: दोन्ही बाजूंचा सॅग ६.५ सेंमी, टो जागच्या जागी. मापं शेडच्या भिंतीवर खडूने तारखेसह लिहिली आहेत, दोन्ही गाड्यांची शेजारी-शेजारी. पुढचं माप पावसाळा संपून गाडी बाहेर काढली की.